जंगलाच्या दारात काढलेले बूट

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा जावई प्रबुद्ध बरा आहे, जेवतो. नोकरी गेल्यापासून फारसं बोलत नाही, म्हणून मीच त्याला वॉटफर्डहून इथे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ओढून आणलं.

इथलं जंगल पावसावरच जगतं. ओकच्या झाडांनी शेंड्यापर्यंत शेवाळ पांघरलंय, फांद्यांवरही नेचे उगवलेत. आत शिरताना, विहाराच्या दारात काढावेत तसे मी बूट कधी काढले, मलाच कळलं नाही. मागून एक स्कॉटिश आजी ते हातात घेऊन आल्या. त्यांना वाटलं, मी विसरले. मी नुसतीच ओशाळले. प्रबुद्धनेच त्यांना सगळं समजावलं, विहार म्हणजे काय तेसुद्धा, हातवारे करून.

जंगल संपलं तिथे एकदम खवळलेला समुद्र. त्याच्यासमोर आम्ही तिघंही कितीतरी वेळ उभे होतो, अनवाणी.

तुझी,
कल्याणी