कॅसेट अडकायची ती जागा

२ जानेवारी

गुरुलिंग मास्तर हो म्हणाले! पौष चालू आहे, लग्नं नाहीत, त्यांचा बँड रिकामाच आहे. "पण ताई, गेमचं गाणं म्हंजे नेमकं काय वाजवायचं?" म्हटलं, व्हिडिओ गेमच्या मागे जे वाजत राहतं ते. "त्येच्यावर वऱ्हाडी नाचतील का?" नाचणार नाहीत, ऐकतील. हे त्यांना काही पटलेलं दिसलं नाही.

पोर्तुगालची मार्ता जुन्या गेमांच्या संगीताचा अल्बम करतेय. आमच्यासारखे वेडे जगभर आहेत — आठवडाभर नोकऱ्या करायच्या आणि रविवारी लहानपणीच्या त्या टुक्‌टुक्‌ सुरांना व्हायोलिनं, ट्रम्पेटं चढवायची. माझ्या वाट्याला बर्फाच्या लेव्हलचं गाणं आलंय, आठ महिने त्यावर खपतेय. व्हायोलिनं कॉम्प्युटरमधली चालतील, पण पितळी वाद्यं खरी हवीत. ती सोलापुरात कुणाकडे? लग्नाच्या बँडकडे! वीस तारखेपर्यंत पाठवायचंय.

४ जानेवारी

पहिली तालीम, मास्तरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दोन दिवस खपून सारेगम लिहून नेलं होतं. कागद कुणी हातातसुद्धा घेतला नाही. "गाऊन दावा." छत्तीस वर्षांची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी बाई नऊ बँडवाल्यांसमोर टी-टी-टू-टू करत उभी! दोनदा गायले. तिसऱ्यांदा त्यांनी वाजवलं.

मूळ गाणं मी पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही. गरजच नाही. सगळं डोक्यात पक्कं आहे.

क्लॅरिनेट सुरू झालं. वाटलं, माझ्या भावाला, इंदादाला लावूया फोन. मग आठवलं.

५ जानेवारी

काल तिथेच थांबले. लिहून टाकते एकदाचं.

आई गेली त्या दिवशी दादा हुबळीहून चार तास उशिरा पोचला. मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "आता कशाला आलास? नसतास आलास तरी चाललं असतं." वाटेत त्याची बस बंद पडली होती, हे मला नंतर कळलं. दहावा उरकून तो गेला तो गेलाच. दोन वर्षं झाली, माझा फोन उचलत नाही. मी माफीचा मेसेज लिहिते आणि पुसते. चूक माझी आहे. मला त्याची फार आठवण येते.

९ जानेवारी

कच्चं रेकॉर्डिंग मार्ताला पाठवलं होतं. उत्तर आलं. फार सुंदर, क्लॅरिनेट तर अप्रतिम, पण मध्ये एक सूर तीनदा अडकल्यासारखा येतो, तो मूळ गाण्यात नाही. तेवढा काढ.

अस्सा राग आला! मला शिकवते! तिचं तोंड बंद करायला म्हणून इंटरनेटवर मूळ गाणं काढलं. सरळ जातं. कुठेही अडकत नाही.

अर्धा तास मूर्खासारखी बसून होते, मग उमगलं. आमची कॅसेट अडकायची! गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली, व्हिडिओ गेममध्ये खुपसायची ती पिवळी डुप्लिकेट कॅसेट. बर्फाच्या लेव्हलला दर वेळी त्याच जागी. दादा तिच्यावर नखानं टिचकी मारायचा, की गाणं पुढे. इतकी वर्षं मी ती अडकण गाण्यातलीच समजत होते. हे गाणं असं येणारी जगात दोनच माणसं आहेत.

११ जानेवारी

मास्तरांना म्हटलं, ती जागा काढायची.

"का? तुमीच गाऊन दावलंत की."

माझी चूक झाली म्हटलं.

"आता हात बसला हाय. नऊच्या नऊ माणसं तितं आपसूक थांबत्यात. लई गोड जागा हाय, ताई."

तरी बिचाऱ्यांनी सरळ वाजवून दिलं. अगदी बरोबर झालं. आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

१३ जानेवारी

भोगी. भाकरी करपली. सरळ ठेवू की अडकलेलं — डोक्यात एवढंच.

१६ जानेवारी

मार्ताला कळवलं, ती जागा राहणार. तासाभरात उत्तर. मग अल्बममध्ये घेता येणार नाही, वाईट वाटतंय. तिचं काही चुकलं नाही. पण आठ महिने खपले होते त्यावर. थोडी रडले.

१८ जानेवारी

पौष संपला, उद्यापासून बँडला फुरसत नाही. आज शेवटचं रेकॉर्डिंग केलं, अडकण्यासकट. ड्रमवाल्या येडूमामांना सांगितलं, सूर तीनदा अडकला की ड्रमच्या कडेवर काडीनं एक टिचकी मारा. "येवडंच?" एवढंच. त्यांनी मारली आणि गाणं पुढे निघालं. मला दादाचं नख दिसलं.

घरी येऊन माझ्याच चॅनेलवर टाकलं. नाव दिलं, "बर्फाची लेव्हल — आमच्या कॅसेटप्रमाणे". दादाला लिंक पाठवायला काही हात धजला नाही.

२३ जानेवारी

बँडवाल्यांनी व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलाय. गावभर फिरतोय. आज कॉलेजातल्या शिपायानं मलाच दाखवला!

दुपारी मास्तरांचा फोन. "काल वरातीत वाजवलं, ताई. नाचली की माणसं! त्या जागंला समदी थांबली, आन् टिचकी पडली तशी सुटली." पोट दुखेपर्यंत हसले.

चॅनेलवर बारा जणांनी चूक दाखवलीय. हुबळीचं कुणी नाही. रोज बघते.

२५ जानेवारी

"चारदा अडकायची ती. तीनदा न्हाय, सोना."

सकाळी दार उघडलं तर इंदादा. हे त्याचं पहिलं वाक्य. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "आदी ती जागा नीट कर." बॅग अजून उंबऱ्यातच आहे.