तांब्यावरची नीलम

१२ जानेवारी १९५७, चिंचवड

चाकणचं स्थळ आज आमच्या कुमुदला बघून गेलं. मुलगा अरविंद, तिथल्या शाळेत मास्तर. बरोबर आई आणि मामा. पोहे केले होते, खोबरं जरा जास्तच पडलं. पायऱ्या उतरता उतरताच मुलगी पसंत म्हणून सांगितलं. एवढ्या लवकर? अहो, वाण्याकडे गूळसुद्धा चाखून घेतात माणसं. हुंडा नको, मानपान नको, पत्रिका जुळवणं नको. फक्त मुलाची आई, माणिकबाई, चपला घालताना म्हणाल्या, "येक सांगून ठिवते ताई. लग्नात नाव बदलायचं हाय. नीलम ठिवणार आमी."

नाव बदलतात, त्यात नवल नाही. माझंही बदललं. पण ते नवरा ठरवतो, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर लिहीपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाहीत. ह्या लोकांचं आधीच ठरलेलं. मुलीचं तोंड बघायच्या आधी!

कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ जाने.

ह्यांना स्थळ एकदम पसंत. कारण काय, तर मुलाला शब्दांची आवड! हे दिवसभर पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात आणि घरी आले की कोश उघडून बसतात, कुठलं नाव कुठून आलं ते शोधत. काल जोडीदारच मिळाला. नदीकडच्या खिडकीतून तो निळा पक्षी दिसला, पवनेवर वाकलेल्या फांदीवर. मास्तर म्हणाला, "खंड्या!" झालं, ह्यांची गाडी सुटली. "धीवरही म्हणतात. धीवर म्हणजे कोळी. आणि संस्कृतात मत्स्यरंक. मासळीपायी भिकारी झालेला." मास्तर म्हणाला, "आमची आजी सांगायची, खंडोबाचा म्हणून खंड्या." "छे छे, त्याला आधार नाही," हे. मग किती वेळ तेच चाललं होतं. पोहे गार झाले.

मी त्या पक्ष्याकडे बघत होते. बसतो कसा गरीब तोंड करून, बघतो भलतीकडे, आणि एकदम सूर. मास्तरही बोलताना खिडकीबाहेरच बघत होता.

१५ जाने.

जेवताना हे: "अगं, अरविंद म्हणजे कमळ. आणि कुमुद हेही कमळच, पांढरं, रात्री उमलणारं. 'कु' म्हणजे पृथ्वी, 'मुद' म्हणजे आनंद. पृथ्वीला आनंद देणारं. काय जोडी जमलीय!"

मी म्हटलं, "एक दिवसा उमलतं, एक रात्री. मग दोघांची गाठ पडायची कधी?"

कुमुदला हसू आवरेना. हे रागावले. ताकही मागितलं नाही.

पण खरंच, एवढी जोडी जमलीय तर कुमुदची नीलम कशाला? ह्याचं उत्तर ह्यांच्या कोशात नाही.

१७ जाने.

नीलम. हे म्हणतात, मूळ शब्द नील. जुनं नाव इंद्रनील. शनीचा खडा. म्हणून कुणी तो एकदम बोटात घालत नाही, आधी उशाखाली ठेवून झोपतात. स्वप्नं वाईट पडली, घरात काही बिनसलं, की सराफाला परत.

बघा म्हणजे. खडा परत करता येतो. पोरीचं काय?

मी माहेरची कमळ. इकडे आल्यावर शारदा. सुरुवातीला कुणी शारदा म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोण आलंय. आई होती तोवर माहेरी गेलं की "कमळे" ऐकायला मिळायचं. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही. लिहिता लिहिता रडू आलं. काय बाई मी पण.

२१ जाने.

चाकणला जाऊन आलो, घर बघायला. एस.टी.त कांद्याची पोती, वासाने डोकं उठलं. घर चांगलं आहे, पुढे अंगण, मागे विहीर. स्वच्छ. खोट काढायला जागा नाही, तेच मला खटकलं.

मी सहज म्हटलं, "नीलम नाव छान आहे. कुणाला सुचलं?" माणिकबाई म्हणाल्या, "आमच्यात रत्नाचीच नावं ठिवत्यात सुनंला. मी माणिक. जाऊबाई हिरा. सासूबाई व्हत्या पोवळाबाई." हे लगेच मान हलवायला लागले, वा वा, काय परंपरा! तेवढ्यात थोरली सून चहा घेऊन आली. गरीब पोर, मान वर करत नाही. मी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"सुमन."

"माहेरचं?"

"माहेरचं विमल. हितलं सुमन."

सुमन म्हणजे फूल. हे कुठलं रत्न? मी माणिकबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हिच्या येळी राहून गेलं."

राहून गेलं! परंपरा आहे की दुधाचा रतीब?

मग पाणी आलं. पितळी तांब्या, चिंचेनं घासून लखलखीत. मी उचलला तर काठाखाली ठोक्याठोक्यांनी घातलेलं नाव: सौ. नीलम. माझा हात तिथेच थांबला. परातीवर बघितलं, तेच. मागे फळीवर हंडा, त्यावरही तेच. भांडी नवी असती तर म्हटलं असतं, हौस आहे, आधीच नाव घालून घेतलं. पण अक्षरं घासून घासून बोथट झालेली. ही भांडी वर्ष-दोन वर्षं तरी वापरात आहेत.

माझ्या पोरीला त्यांनी बघितलं त्याला अजून पंधरवडाही नाही.

पाणी प्यायले नाही.

२२ जाने.

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, मुलाचं आधी लग्न झालंय. हे म्हणाले, "असतं तर सांगितलं नसतं का? बिजवराची स्थळं लोक काय लपवतात?" लपवत नाहीत तर काय करतात!

मग म्हणाले, "असं बघ. आधी कुठे तरी जमलं असेल, मोडलं असेल. भांड्यांवर नाव घालून झालं होतं. आता भांडी वाया कशाला घालवायची? म्हणून सुनेचंच नाव तसं ठेवायचं. व्यवहारी माणसं आहेत."

आणि हसले! मला तर अंगाची लाही लाही झाली. म्हणजे भांडी तशीच ठेवायची आणि माझी पोर घासून काढायची!

"स्थळ मोडा," मी म्हटलं.

"तांब्यावरच्या नावापायी? लोकांना काय सांगू?"

कु. आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. संध्याकाळी भाकऱ्या तिनेच केल्या, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

२ फेब्रुवारी

साखरपुडा झाला. माझं कोण ऐकतंय. माणिकबाई गोड बोलत होत्या. मास्तरने कु.ची अंगठी आधी भलत्याच बोटात घातली. आनंदाने म्हणतात सगळे.

११ फेब्रु.

कासारीण आली होती. जनाबाई, आळंदी-चाकण सगळीकडे बांगड्या भरत हिंडते. तिच्यापासून काय लपणार? चहा दिला, पान दिलं, मग हळूच विषय काढला.

"व्हय, ठावं हाय ना ते घर. दोन सालामागं मला सांगावा आलता, लगीन हाय, घरातल्या समद्या बायांना बांगड्या भरायच्या. म्या हिरव्या बांगड्या आणून ठिवल्या. आन् मग पुन्यांदा सांगावा, यिऊ नगं."

"का गं? काय झालं?"

"न्हाई ठावं. कुनी म्हनतं पोरगी तापानं गेली. कुनी म्हनतं तिच्या बानं दुसरीकडं दिली, लांब, गुजरातेत. म्या काय इचारलं न्हाई बाई, त्या दिशी माणिकबाईचं त्वांड बघवत नव्हतं."

"नाव काय होतं तिचं?"

"कुनाचं, पोरीचं? ते काय मला ठावं न्हाई. पर मास्तर यील-जाईल तवा गानं म्हनायचा, ते बंद झालं."

म्हणजे लग्न झालेलं नाही, ठरलेलं होतं. ह्यांचंच खरं ठरलं, ह्याचाही राग आला. पण गेली की दिली? गेली असेल तर माझ्या पोरीला मेलेल्या मुलीचं नाव. दिली असेल तर ती कुठेतरी आहे, ह्या घरात नसताना ह्या घरात आहे. दोन्हीतलं वाईट कोणतं, सांगता येईना.

१२ फेब्रु.

कु.ला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, चिडेल. म्हणाली, "आई, तू पोलीस पाटील व्हायला हवी होतीस."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी..."

"माहीत आहे. पण असेल कुणीतरी. त्यात त्यांचा काय गुन्हा?"

"मग सांगितलं का नाही?"

ह्यावर तिने माझ्या पुढ्यातलं सूप ओढून तांदूळ निवडायला घेतले. निवडता निवडता म्हणाली, "साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुझं नाव तुला आवडतं का. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाले."

बरं! काय बरं? माझ्या लेकीला ह्या एका शब्दात सगळं मिळालं आहे, चेहऱ्यावर दिसतं.

२४ फेब्रु.

मास्तर आला होता, लग्नपत्रिकेचा मजकूर दाखवायला. हे अजून कारखान्यातून आले नव्हते. कु. शेजारी. बरं झालं. चहा ठेवला पुढे आणि सरळ विचारलं.

"नीलम कोण?"

कपातला चहा बशीत सांडला. "कुणी नाही, काकू."

"भांड्यांवर नाव आहे."

"आईनं घालून घेतलं होतं."

"कुणासाठी?"

खिडकीबाहेर बघितलं. तीच सवय. मग म्हणाला, "आईला ते नाव आवडतं."

"आणि तुम्हाला?"

"माझं काय," म्हणाला. चहा तसाच ठेवून उठला. दारात थांबला, वाटलं आता बोलेल. "काकू, कुमुदला मी काही कमी पडू देणार नाही." एवढंच.

मी काय विचारलं आणि हा काय सांगतोय! पण डोळे भरलेले होते. थांबवावंसं वाटलं, थांबवलं नाही. रडणाऱ्या पुरुषावर एकदम विश्वास ठेवू नये.

ह्यांना आल्यावर सांगितलं. म्हणाले, "चहा तरी पिऊ द्यायचास."

१० मार्च

पत्रिका वाटून झाल्या. आता मोडणं नाही. घरात पाहुणे, पापड, कुरडया, हसणं-खिदळणं. माझी नणंद म्हणते, वहिनी, तुमचं तोंड असं का? मुलगी सासरी जायची म्हणून, असं सांगते. सगळ्यांना पटतं.

हे रोज सांगतात, नीलम चांगलंच नाव आहे, लाभला तर ह्या खड्यासारखा खडा नाही. मी म्हणते, लाभला तर.

२० मार्च

लग्न काल झालं. आज लिहायला बसले आहे, हात दुखतोय, पाय सुजलेत.

सगळं नीट पार पडलं. चाकणची मंडळी संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायची म्हणून लक्ष्मीपूजन आणि नाव ठेवणंही वऱ्हाड उतरलं होतं त्या घरातच उरकलं. मुलीच्या आईने तिथे जायचं नसतं, पण मी गेले. दाराशी उभी राहिले. माणिकबाईंनी तांदूळ पसरलेलं ताट पुढे केलं. मास्तरने बोटातली अंगठी काढली, त्या अंगठीनेच तांदळावर लिहायला लागला. बायकांचा घोळका, मला काही दिसेना. किती वेळ लागला! एक नाव लिहायला एवढा वेळ?

मग माणिकबाई ताटावर वाकल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. कुणीतरी मोठ्याने वाचलं. कुमुद.

"आरं, ह्ये काय?" माणिकबाई.

"तेच राहू द्या," मास्तर म्हणाला. बस, एवढंच.

बायका हसल्या, टाळ्या वाजल्या, साखर वाटली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं?" मलाही एकदम मोकळं वाटलं, खोटं कशाला लिहू. माझ्या लेकीचं नाव राहिलं. मग घरी येता येता दुसरंच मनात आलं. नीलम हे नाव त्याने हिच्यासाठी टाकलं, की कुणाला द्यायचंच नाही म्हणून ठेवून घेतलं?

संध्याकाळी पाठवणीला एस.टी.पाशी कु. गळ्यात पडली. वाटलं रडते आहे. कानाशी म्हणाली, "आई, त्यांनी आधी 'नी' काढला होता. मग तळहाताने पुसला आणि माझं नाव लिहिलं. मी अगदी जवळ होते म्हणून दिसलं."

सांगून झालं तरी तिने मला सोडलं नाही. दोन महिने मी धडपडत होते, मला दिसतंय ते पोरीला दिसावं म्हणून. आणि दिसलं तेव्हा मी तिचा पदर सारखा करायला लागले.

मी म्हटलं, "अगं वेडे, आईनं सांगितलं ते लिहायला गेला असेल, मग तुझी आठवण झाली. नाही तर तांदूळ सारखे केले असतील. चांगला आहे मुलगा."

"खरंच?"

"खरंच गं."

एस.टी.चा हॉर्न वाजला. ती चढली, खिडकीशी बसली, तो शेजारी. मी हसून हात केला. तिने हात केला नाही. नुसती माझ्याकडे रोखून बघत राहिली, मी लोकांकडे बघते ना, तशी.