बापाले वाचून दाखवलेली ओळ

१२ नोव्हें., बुध. मंगरूळपीर

संस्थेनं गळ्यात कार्ड घातलं, समुपदेशक. आठ दिवस वाशिमला शिकवलं, त्यातले दोन नुसते ऐकायचं कसं याचे. मी बारावी नापास. पुण्यात हॉटेलात भांडी, मग टाइल्स, मग ट्रकवर. आता लोकांचं मन. हसू येते अन् रागही.

पेशंटचं नाव वहीत लिहायचं नाही, नियम हाय. म्हणून हा पळ्या. पोलीस भरतीसाठी नऊ वर्षं पळतो. वयाची अट मागच्या महिन्यात संपली, घरी सांगतलं नाही. अजून रोज पहाटे शाळेच्या ग्राउंडवर पळून घरी जाते, अन् बाप विचारते, आज किती मिनिटं लागले?

तीन भेटी गप्प होता. आज चौथी. बूट काढता काढता बोलला, "बाबाच्या तोंडाकडे पाह्यलं का जगू नये वाटते, भाऊ. ते तोंड वाटच पाहून राह्यलं."

फॉर्मवर जशीच्या तशी लिहिली ओळ. ताईंना फोन केला (आमच्या शिकवणाऱ्या, खऱ्या डॉक्टर). त्या त्याच्याशी बोलल्या अर्धा तास. सोमवारी येतो म्हणाला. मले म्हणाल्या, घरच्या एकाची सही घे, त्याच्या जिवाकडे लक्ष राह्यलं पाहिजे. पण काय सांगायचं अन् काय नाही, ते आधी त्याले विचारून घे.

विचारून घे. लिहून ठेवतो.

१५ नोव्हें., शनि

विचारलं नाही.

पळ्याच्या गावच्या फाट्यावर उतरलो तं मेंढ्यांचा कळप बसलेला, मेंढपाळ म्हातारा कोकराच्या पायाले पट्टी बांधत होता. पाहत बसलो. तास गेला. पोचलो तं पळ्या कापूस वेचाले गेलेला. बाप एकटा ओट्यावर. पळ्या येईपर्यंत थांबायचं होतं. नाही थांबलो.

सही मागतली. म्हणे, "मांगं एकडाव न वाचता सही केली तं धुऱ्यावरची वावरात जायची वाट गेली. वाचल्याबिगर नाही." चष्मा फुटलेला, म्हणे तूच वाच.

मी वरवर सांगाले लागलो. तोवर तो सुरू. आमच्या वेळी मन-बिन काही नव्हतं, काम होतं. माहा पोरगा फौजदार होईन. तुमच्यासारखे कार्ड घालून फिरणारेच पोराईले रडवते.

सटकली. वाचला फॉर्म. अख्खा. वयाचं पण. ती ओळ दोन डाव वाचली, दुसऱ्या डावाले जरा मोठ्यानं. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी.

बापानं माह्या हातातून कागद घेतला, घड्या घातल्या, खिशात ठेवला, आत गेला.

बसमध्ये बसलो तोवर बरं वाटत होतं. लय बरं. मग

१६ नोव्हें., रवि

पळ्याचा फोन. "भाऊ, तुमालेच सांगतलं होतं ना." बस, एवढंच. मग बंद.

दिवसभर लावला. बंदच. त्याच्या बापावर राग, संस्थेच्या फॉर्मवर राग, तो कागद कोण्या शहाण्यानं बनवला त्याच्यावर राग. जेवलो नाही. ताईंना सगळं सांगतलं, सोडून एक. ती ओळ दोन डाव वाचली, ते सांगतलं नाही.

१७ नोव्हें., सोम. वाशिम

आमची सोमवारची बैठक. पळ्या त्याच्या बहिणीकडे, शिरपूरले. ताईंनी कालच शोधून काढलं. बहीण रात्रीही एकटं सोडत नाही, तो जेवते. आता त्याले ताई स्वतः पाहणार. मी जायचं नाही, त्यानं बोलावलं तरच.

मी म्हटलं, चूक बापाची. अर्धा तास बोललो. कसा बसला होता ओट्यावर, कसा बोलला, पोराची किंमत नाही, कार्डाची नाही. दोन डाव वाचलं तेही निघून गेलं तोंडातून. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू कोणाच्या बापाला वाचून दाखवलंस?"

उठून निघून आलो. दार आपटलं. स्टँडवर पाव किलो जिलबी खाल्ली उभ्यानं.

माह्या बापानं पाहुण्याईसमोर मले दाखवून सांगतलं होतं, हा असून नसल्यासारखा. सतरा वर्षांचा होतो. त्याच दिवशी निघालो. सात वर्षं झाली. हे ताईंना कधी सांगतलं नाही. त्यांना कसं कळलं?

राग येते त्या बाईचा.

२० नोव्हें., गुरु. मंगरूळपीर

गुरुवार, दर्ग्याकडे गर्दी. वाट काढत घरी आलो तं खोलीच्या पायरीवर पळ्याचा बाप.

खिशातून कागद काढला. घड्याईवर फाटाले आलेला. म्हणे, "ते ओळ वाच."

मी नाही म्हटलं. मले जमत नव्हतं आता. त्यानं कागद धरूनच ठेवला. वाचली, हळू.

"मी कधी रागावलो नाही त्याच्यावर. बोट लावलं नाही." मग, "तोंडच तसं हाय माहं. पावसासाठी आभायाकडे पाहू पाहू तसं झालं. आता ते कुठं ठिवू?"

शिकवलंय, सल्ला द्यायचा नाही. माह्यापाशी नव्हताच. वाटत होतं त्यानं शिव्या द्याव्या, मी द्याव्या. नाही दिल्या. चहा केला, साखर जास्त पडली. म्हटलं, बाबा, ते पोरालेच इचारा. अन् मी वाचाले नको होतं. तो म्हणे, "वाचलं नसतं तं मले कोणं सांगतलं असतं?" म्हणून मी सुटलो असं नाही. पळ्यानं त्याले सांगतलं नव्हतं, मले सांगतलं होतं.

२३ नोव्हें., रवि. शिरपूर

काल पळ्याचा फोन आला. म्हणे, "सकाळी ग्राउंडवर या. बोलाचं नाही."

ताईंना विचारून आलो. खरंच विचारून.

तो पळून राह्यला. कशासाठी, माहीत नाही. मी गोलपोस्टाशी बसून हे लिहितो. त्याचा बाप रात्रीच आला म्हणे, पोरीच्या ओसरीत झोपला, पोरासमोर गेला नाही. आता ग्राउंडच्या कडेले दगडावर बसलाय, ग्राउंडकडे पाठ करून. तोंड तुरीच्या वावराकडे. टोपी मांडीवर.

पळ्या दर चकरीले त्या पाठीमागून जाते. मले आत अजून जळते, का माह्या बापानं असं एक डाव पाठ करून... जाऊ दे.

सातवी चकर. आठवी. नवव्या चकरीले दगडाजवळ पळ्याची चाल कमी झाली. मग तो चालाले लागला.

बाप वळला नाही.