तीन टिंबांचा कारागीर

गंगापूर रोड, नाशिक
ललिता पंचमी

प्रिय पुंजाभाऊ,

माझं पत्र पाहून चक्रावला असाल. बावीस वर्षं तुम्ही आमच्या कारखान्यात मिस्त्री होतात, पण दारं-खिडक्यांची मापं सोडली तर मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. कालपासून मी पार हादरलेला आहे. बायको विचारते काय झालं, आणि मला सांगता येत नाही. तेव्हा आधी तुम्हालाच सांगतो.

तुमच्या कानावर नसेल, पण गेली बारा-तेरा वर्षं मला सुताराच्या जुन्या हत्यारांचा नाद लागलाय. धंदा मशिनवर गेला, मला काम उरलं नाही, मग रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. दर बुधवारी गोदाकाठी गंगेवरच्या बाजारात जायचं, रहेमानभाईंच्या भंगाराच्या गोणपाटापाशी उकिडवं बसायचं आणि रंधे, पटाश्या, वाकस उलटेपालटे करून पाहायचे. कोणी बनवलं, कुठल्या गावचं, किती जुनं, हे शोधत राहायचं. दीडशेच्या वर हत्यारं जमली. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी काचेची कपाटं केली. लोक बघायला येतात आणि मी मोठा जाणकार असल्यासारखा माहिती सांगतो.

त्या सगळ्यांत माझा जीव जडला तो एका अज्ञात कारागिरावर. त्याच्या प्रत्येक हत्याराच्या लाकडावर, खालच्या अंगाला, डागून काढलेली तीन टिंबं असायची. बाभळीचं लाकूड, पण इतकं घोटलेलं की हातातून खाली ठेवू नये. पहिली पटाशी मिळाली बारा वर्षांपूर्वी, मग दर वर्षी एकेक हत्यार येत गेलं. मी त्याच्या नावाने वेगळी वहीच घातली. त्यात लिहिलं, लाकूड घामाने एवढं काळं पडलंय, म्हणजे हत्यार निदान शंभर वर्षांचं. हा माल दसऱ्यानंतरच बाजारात येतो, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत खेड्यातल्या माळ्यांवरून निघत असणार. आणि घरचे विकतायत, म्हणजे कारागीर केव्हाच वारला असणार. रहेमानभाईंना विचारलं तर ते म्हणायचे, एक मिस्त्री आणून देतो. मला वाटायचं, मिस्त्री म्हणजे गावोगाव फिरून जुनं सामान गोळा करणारा कोणी असेल. तीन टिंबं ही एका जुन्या सुतार घराण्याची खूण आहे, असा लेखसुद्धा मी एका रविवारच्या पुरवणीत लिहिला. फोटो छापून आला होता माझा.

परवा सोमवारी रहेमानभाईंचा फोन आला. गेल्या वर्षी विकलेला रंधा त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एका दिवसासाठी हवाय म्हणाले. खंडेनवमीच्या पूजेला. दशमीला आणून देतो म्हणतोय, विश्वास नसेल तर तोवर सायकल ठेवून घ्या म्हणतोय. यावर मी काय म्हणालो तेही ऐका. म्हणालो, जुन्या लाकडावर हळदकुंकवाचे डाग पडले की निघत नाहीत, जमणार नाही. फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं की पूजेला मागतोय तर हा नक्की त्या कारागिराचा नातू-पणतू असणार, याच्याकडून घराण्याची सगळी हकिगत मिळेल. काल सकाळीच वही घेऊन जुन्या नाशकात रहेमानभाईंच्या गोदामात हजर झालो. त्यांनी नाव सांगितलं. पुंजा मिस्त्री, राहणार मखमलाबाद, पूर्वी इथेच द्वारका चौकाजवळ कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्यात होता.

मी तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसलो. रहेमानभाईंना वाटलं मला साखरेचा त्रास झाला, त्यांनी घाईने पाणी आणलं. शंभर वर्षांपूर्वी मेला म्हणून ज्याच्यावर मी लेख लिहिला, तो माणूस माझ्याच कारखान्यात बावीस वर्षं रोज सकाळी नऊला हजर होता. आणि त्या बावीस वर्षांत त्याच्या हातात काय आहे, हे मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

तिथून तडक तुमच्याकडे आलो. तुम्ही गिरणीत दळण घेऊन गेला होता. धोंडाबाई वहिनींना मला पाहून आनंदच झाला, आणि तो मला सोसवेना. चहा झाल्यावर टिंबांचं विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. कारखान्यात मिस्त्री वीस, हत्यारं दुसऱ्याच्या पेटीत जायला नकोत, म्हणून चुलीत खिळा तापवून त्यांनीच ती डागली होती. लाकडं तुम्ही कोरलेली, लग्नानंतरच्या दोन पावसाळ्यांत. शंभर वर्षं कुठली, उणीपुरी चाळीस. मी विचारलं, विकली का, काही अडचण होती का. वहिनींच्या मनात काही नव्हतं, त्या आपल्या सरळ बोलल्या.

“अडचन कसली, शेठ. तुम्हीच म्हनले व्हते, आता मशिन आलं, ही हत्यारं घरी घेऊन जा. घरी आनली, तं ती समोर दिसली का यांना घास उतरंना. समदी एकदम द्यायला बी हात धजंना. मंग दर नवमीला पूजा करायची आन् दुसऱ्या दिशी एक नेऊन द्यायचं. यंदा पाट रिकामा हाय.”

मी वही उघडलीच नाही. माल दसऱ्यानंतरच का येतो, ते मला कळलं होतं.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही, ते लिहितो. मशिनला तुमच्या पेटीची काहीच अडचण नव्हती. मशिन आलं त्या दिवशी मी पाहुणे बोलावले होते, आठवतं? मशिनवरून पहिलं दार निघालं. तुम्ही त्याच्या कडेवरून अंगठा फिरवलात, पेटीतून रंधा काढलात आणि चार हात मारलेत. झालं, जो तो त्या कडेला हात लावून बघायला लागला, मशिनकडे कोणी ढुंकून पाहीना. ते मला फार झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला हत्यारं घरी न्यायला सांगितलं आणि धंद्याचं निमित्त पुढे केलं. तुम्ही म्हणालात, बरं शेठ. पुढे दोन वर्षं तुम्ही मशिनमध्ये फळ्या सरकवत उभे राहिलात आणि एक दिवस यायचे बंद झालात. का, हे मी विचारलंही नाही. त्याच सुमाराला माझा हत्यारांचा नाद वाढत चालला होता, याची मला आता लाज वाटते.

हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर एक पेटी पाठवली आहे. त्यात तुमची बाराही हत्यारं आहेत, ती तुमची तुमच्याकडे राहू द्या, दशमीला काही परत आणायचं नाही. पेटी घेऊन मी स्वतः यायला हवं होतं. आलो नाही, कारण सगळ्यात वर लाल फडक्यात तो रंधा आहे, तुम्ही मागितलेला. पातं आत कसं बसतं, पाचर त्याला कशी धरते, हे लोकांना दिसावं म्हणून गेल्या महिन्यात मी तो मधोमध उभा चिरला. त्याच मशिनवर. रहेमानभाईंना मी हळदकुंकवाच्या डागांचं सांगत होतो, तेव्हा तो कपाटात दोन तुकडे होऊन पडलेला होता. पातं आणि पाचर शाबूत आहेत, पण लाकूड गेलं, आणि तसं लाकूड कोरणारा तुमच्याशिवाय मला कोणी माहीत नाही. हे तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही हौसेने फडकं सोडाल आणि आत तुकडे निघतील, तेही नवमी चार दिवसांवर असताना, हे मात्र होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र आधी तुमच्या हातात द्यायला सांगितलं आहे. नवमीला सकाळी मी तुमच्या दारात येऊन उभा राहीन. आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आता फडकं सोडा.

तुमचाच,
रविराज