पानाचा देठ आणि दिंडोरीचे डॉक्टर

गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज माझ्या दवाखान्यात दिंडोरीहून चार महिन्यांचं बाळ आलं. पोटाचा नगारा, हातापायांच्या काड्या. तिथले डॉक्टर आईला सांगत राहिले, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावा, शी होईल. देठ! घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं तर समजू शकतो. पण हा माणूस पाटी लावून बसलाय ना?

देठ लावला की धाडकन शी व्हायची, म्हणून सगळे खूश. आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशीच नसतील, म्हणून ते आपणहून ढकलत नसेल, ही शंका त्यांना शिवलीही नाही. मी आईला एवढंच विचारलं, जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली?

"तिसऱ्या दिशी. तवा बी देठच लावला व्हता."

पहिल्या दिवसातच व्हायला हवी ती. पण हे विचारायचे कष्ट कोण घेणार?

संध्याकाळी त्या डॉक्टरांना फोन केला. आजार समजावला, आतड्याचा तुकडा तपासायला पाठवलाय, बहुतेक ऑपरेशन लागेल, म्हणालो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं सर. मग ऑपरेशननंतर देठ चालूच ठेवायचा ना?"