नातवाचा दंड आणि माझे अकरा पॉइंट

३ मार्च, सकाळी ६.४०
डोळ्याला डोळा लागला नाही. नातवाला दंड झाला. काल संध्याकाळी मैदानामागच्या पायऱ्यांवर गस्तवाल्याने धरला. हातात बिअरची बाटली. वय सतरा वर्षं नऊ महिने. 'अल्पवयीन असून मद्य जवळ बाळगले' अशी पिवळी पावती फाडून दिली. खाली गस्तवाल्याची सही. कोंबडीने पाय पुसल्यासारखी.
घरात कुणाला त्याचं काही नाही. सूनबाई म्हणाली, चूक केलीय, निस्तरेल नि शिकेल. चिरंजीव म्हणाले, बघू. माझा हा मुलगा लग्नाच्या वेळीही बघूच म्हणाला होता.
मी म्हटलं, थांबा. या घरात कायदा कळणारा एक माणूस आहे. तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभा राहिलोय. शिपाई होतो, पण कान शाबूत होते. सातवी नापास असलो तरी वकिलांना पुस्तकात सापडलं नाही ते मी दाराच्या फटीतून ऐकलंय.
नातवाला ताकीद दिली, तोंडातून ब्र काढायचा नाही. म्हणाला, आजोबा, पण. म्हटलं, हा 'पण'च माणसाला गोत्यात आणतो.
संकल्प: १) लढायचं. २) चिडायचं नाही.

३ मार्च, सकाळी ९.१०
चिडलो. सूनबाईने आगीत तेल ओतलं. म्हणाली, तुम्ही कोर्टात फक्त नावं पुकारायचात ना?

५ मार्च
अल्पवयीन कक्षात जाऊन आलो. दुसरा मजला, लिफ्ट बंद. टेबलावर एक कारकून बाई, चष्म्याला साखळी. मला काका म्हणाली. माझं वय अठ्ठ्याहत्तर. तिथेच ओळखलं, ही गोड बोलून गळा कापणार.
म्हणाली, काका, मुलाने कबूल करून टाकलं तर दारूच्या दुष्परिणामांवरचा अर्ध्या दिवसाचा वर्ग करायचा, दंड माफ, आणि नोंद कुठेच राहत नाही. एक गुलाबी कागद दिला. खाली बारीक अक्षरात, ही सवलत वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतच.
सरकार काही फुकट देतं तेव्हा त्यात गळ असतोच. मी म्हटलं, बाई, कबुली म्हणजे कबुली. आम्ही हरकत घेणार. ती म्हणाली, नीट विचार करा. म्हटलं, केलाय. पालक म्हणून सही ठोकली. चिरंजीव गाडीवर माल पोचवायला गेले होते, म्हणून मीच पालक. तारीख मिळाली १८ मार्च.

९ मार्च, दुपार
नातवाला अग्निशमन दलाच्या ट्रेनिंगला जायचंय. जुलैत सुरू होतं. निवड झालीय, आता फक्त १५ जूनच्या आत 'नावावर कुठलीही नोंद नाही' असा दाखला द्यायचा. पोरगं रोज खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन चार मजले पळत चढतं. वरची बाई तक्रार करते. तिच्या छताला आग लागेल तेव्हा बघू, कोण पळत येतं ते.
म्हणजे दाखल्यासाठीच लढायचं आहे. हे कुणाला समजत नाही. सूनबाई म्हणते, वर्ग केला तर दाखला मिळतोच. म्हटलं, हो, आणि कोल्हा म्हणतो द्राक्षं गोड आहेत. तिला कळलं नाही. नंतर विचार केला तर मलाही नीट कळलं नाही, पण पॉइंट बरोबर होता.
पॉइंट झाले चार. सर्वांत मोठा: बाटली उघडी होती की बंद, पावतीवर लिहिलेलं नाही.

१८ मार्च
तारीख मागून घेतली. कारण: गुडघा. तीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. फाइल जितक्या तारखा खाते तितकी जाड होते, आणि जाड फाइल कुणी उचलत नाही. लोक विटतात. साक्षीदार बदलून जातात. साहेब रिटायर होतात.
अर्ज गुलाबी कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिला. कागद काय झाडाला लागतात? कारकून बाईने उलटून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दबली असावी.
पूर्वी तिथे नाव पुकारायला माणूस असे. आता भिंतीवर लाल नंबर पेटतो. मशीनला ना आवाज ना अदब. तिथल्या शिपायाला पुकारा कसा करायचा ते दाखवलं. म्हणाला, आजोबा, हळू, आत काम चाललंय.

८ एप्रिल
दुसरी तारीख घेतली. मागणी केली, ती बाटली हजर करा. बाटली फेकून दिली म्हणाले. वा! पॉइंट सात.
नातू पायऱ्या उतरताना म्हणाला, आजोबा, मला बोलू द्या ना एकदा, दोन मिनिटांचं काम आहे. म्हटलं, दोन मिनिटांतच माणूस बुडतो. मग घरापर्यंत दहा पावलं पुढेच चालला. आजकालच्या पोरांना कृतज्ञता माहीत नाही.

२९ एप्रिल
तिसरी. गस्तवाला समोर हजर पाहिजे म्हणालो. तो रजेवर. निकाल देणाऱ्या साहेबबाईंनी कपाळाला हात लावला. विटल्या! म्हटलं होतं ना.
पुढची तारीख काय द्यायची, त्यांनी विचारलं. मी आधीच कॅलेंडर पाहून ठेवलेलं. म्हटलं, २७ मे.
का, ते फक्त या वहीला सांगतो. २६ मेला नातू अठराचा होतो. अठरा म्हणजे सज्ञान. सज्ञान माणसाला बाटली बाळगायला बंदी नाही. मग २७ तारखेला अल्पवयीन म्हणून कुणाला उभं करणार? टेबलाला? एवढं साधं गणित एकाही वकिलाच्या डोक्यात आलं नसतं. पॉइंट अकरा, आणि हा अकरावा ब्रह्मास्त्र.

२१ मे
घरात फितुरी. सूनबाई माझ्या अपरोक्ष कारकून बाईकडे जाऊन आली. वर्ग घ्यायचाय म्हणाली. तिथे सांगितलं, आधी हरकतीचा अर्ज मागे घ्या, आणि तो ज्यांची पालक म्हणून सही आहे त्यांनीच घ्यायचा. म्हणजे मी.
पाच दिवस उरलेत, असं ओरडून सांगत होती. मला माहीत नाही का? मी तर त्याच पाच दिवसांवर बसलोय.

२३ मे, संध्याकाळी ५
सूनबाईने छापील कागद समोर धरला. सही करा, बाबा. म्हटलं, चष्मा सापडत नाही. तो खिशात होता, पण हे तिला सांगायचं कशाला. ती म्हणाली, मी वाचून दाखवते. म्हटलं, दुसऱ्याने वाचलेल्या कागदावर सही करू नये, हा नियम आहे.
तेव्हा म्हणाली, त्याचं काही वाईट झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. वर रडली. कोर्टात मी असलं रडणं हजारदा पाहिलंय. चिरंजीव म्हणाले, बाबा, करा ना. 'बघू' सोडून दुसरा शब्द पहिल्यांदाच ऐकला. क्षणभर डगमगलो.
मग सावरलो.

२४ मे
दार लावून झोपलो होतो. बाहेर तिघं बोलत होते. नातू म्हणाला, आई, जाऊ दे, ते ऐकणार नाहीत. बरोबर ओळखलं पोराने. माझ्यावर गेलाय.

२६ मे
अठरा पूर्ण. नातवाला म्हटलं, बेटा, सुटलास. तो वाळूची पिशवी उचलून जिन्याकडे गेला. जेवण झाल्यावर सूनबाईने माझं ताट उचललं नाही. उद्या उचलेल. उद्या पाया पडेल.

२७ मे, दुपारी ३
लिहावंसं वाटत नाही. तरी रेकॉर्ड राहावं म्हणून लिहितो.
उभा राहिलो. घसा साफ केला. अकरावा पॉइंट आधी काढला. साहेबबाईंनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, आजोबा, वय बाटली सापडली त्या दिवसाचं धरतात. आजचं नाही.
मी म्हटलं, पॉइंट दोन. त्या म्हणाल्या, थांबा. आणि कारकून बाईला विचारलं, वर्गाची सवलत अजून देता येईल का? बाई म्हणाली, काल संपली. साहेबबाई म्हणाल्या, एवढ्या तारखा मागितल्या कुणी? फाइल उघडली. एकाखाली एक तीन अर्ज. तिन्ही माझे. साहेबबाई म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे.
मग त्यांनी नातवाला विचारलं, तुला काही सांगायचंय? मी मध्ये उठलो. शिपायाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. नातू म्हणाला, बाटली माझीच होती. दोन घोट घेतले होते. चूक झाली. पहिल्याच दिवशी सांगणार होतो.
एका मिनिटात संपलं. दंड पूर्ण. नोंद दोन वर्षं. दाखल्याचं त्याने स्वतःच विचारलं. साहेबबाई म्हणाल्या, नोंद असेपर्यंत मिळणार नाही. हे म्हणताना पोराकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं.
माझे दहा पॉइंट वाचायचे राहिले, हेही रेकॉर्डवर असावं.

२८ मे
सगळ्यांनी कट केला. साहेबबाई, कारकून, सूनबाई. बायका बायका एक. गस्तवाला शेवटपर्यंत आलाच नाही, हा मुद्दा कुणी लक्षातच घेतला नाही.
तीस दिवसांत अपील करता येतं. सुरुवात केली. पॉइंट बारा.

३१ मे, सकाळी ११
अपील घेऊन पुन्हा दोन मजले चढलो. कारकून बाईने शेवटचं पान पाहिलं आणि कागद परत सरकवला. म्हणाली, मुलगा आता सज्ञान आहे. त्याचीच सही लागते, तुमची चालत नाही. यावेळी काकाही म्हणाली नाही.

३१ मे, संध्याकाळी ७
नातू चिरंजीवांबरोबर गाडीवर जायला लागलाय, खोकी उतरवायला. आला तेव्हा अंगाला पुठ्ठ्याचा वास. अपील पुढे केलं. उभ्यानेच वाचलं, बारावा पॉइंटसुद्धा. मी बोट ठेवून जागा दाखवली, इथे.
त्याने कागदाची घडी केली, माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.
मी म्हटलं, अरे, तुझी सही नसेल तर माझ्या सहीला काय अर्थ?
म्हणाला, आजोबा, तुमची सही आता कुठेच नको.
रागाने म्हणाला असता तर त्याचाही पॉइंट काढला असता.