तोंड कुठे होतं?

प्रिय बारके,

तुझा फोन येतो तेव्हा बाबा शेजारीच कान टवकारून बसलेले असतात, म्हणून मी ‘सगळं बरं आहे’ म्हणून वेळ मारून नेते. तसं फार बिघडलंय असंही नाही, पण मी दमले आहे गं. परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि आम्ही दोघांनी तो निमूटपणे पिऊन टाकला. बाबांना वाटलं काहीतरी औषधाचं असेल, आणि मला उठून दुसरा करायचा कंटाळा.

बाबांची नजर आता पार गेली. तू चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतेस आणि इथे घरचा म्हातारा दाराकडे तोंड करून आज ऊन पडलंय का विचारतो. टोमणा नाही मारत. डॉक्टरांनीच हात टेकले तिथे तुझी भिंगं काय करणार. तरी रोज पहाटे ते माझा खांदा धरून माळावर येतात. आपलं ते दगडांचं लपण अजून आहे, फक्त वरचं गवत मी दरवर्षी नवं घालते. त्यात मी दुर्बीण लावून बसते आणि ते नुसते ऐकत बसतात. माझ्या पाठीला रग लागते, त्यांच्या लागत नाही. कुठल्या मातीचे बनलेत देव जाणे.

माळाची राखणदार आता मी एकटीच. माझ्या जोडीच्या लंबूची बदली झाली आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. वनखात्याच्या ऑफिसातले साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांच्या डोक्याला एकच घोर: माळढोक आहे की नाही ते हंगाम संपायच्या आत कळवा. असला तर विजेच्या तारा टेकडीला वळसा घालून नेतील, नसला तर सरळ माळावरून. खांब ओढ्यापर्यंत आलेत. तुला ठाऊक आहे, एवढा थोरला पक्षी, पण डोळे बाजूला असल्यामुळे उडताना त्याला समोरचं धड दिसत नाही. मागचा गेला तो ओढ्यापलीकडच्या तारेवर आपटूनच. मीच उचलून आणला त्याला. झोपलेलं मूल कडेवर घ्यावं तेवढा जड होता.

बाबांची रीत आठवते ना? दोघांनी पाहिल्याशिवाय ‘दिसला’ म्हणायचं नाही. पाहिला तरी आपसात बोलायचं नाही, एकेकीने बाबांच्या कानात सांगायचं, त्याचं तोंड कुठे होतं. दोघींचं जुळलं तर पक्षी खरा. ऑफिसानेही पुढे हीच रीत उचलली. त्या सकाळी मी सांगितलं टेकडीकडे, तू सांगितलंस ओढ्याकडे, आणि जाऊन बघतो तर झुडपाला अडकलेली सिमेंटची रिकामी गोणी. बाबा हसून हसून खालीच बसले. गोणीला तोंड फुटलं म्हणून नंतर कितीतरी दिवस तुलाच चिडवत होते, मला नाही. लाडकी तू, त्यामुळे थट्टाही तुझ्याच वाट्याला. मला तेव्हा त्याचाही हेवा वाटला होता.

आता मुद्द्याचं सांगते. मंगळवारी सकाळी मला तो दिसला. उंच गवताच्या कडेला पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. मी श्वास रोखला, तेवढ्यावरून बाबांनी ओळखलं आणि माझा हात दाबला. परतताना मी त्यांना म्हटलं, दुसरे साक्षीदार म्हणून तुमचंच नाव कळवते. उभा जन्म या माळावर काढलेला माणूस, पण म्हणाले, मला दिसला नाही तर दिसला कसं म्हणू? वर मलाच विचारलं, त्याचं तोंड कुठे होतं. बारके, मला सांगता येईना. पुन्हा पुन्हा आठवून बघते, पण मान आठवते, टोपी आठवते, तोंड काही आठवत नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तो पक्षीच होता की पुन्हा एखादी गोणी? माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडालाय.

म्हणून तू ये. या रविवारी जमव. माझ्या शेजारी बस, बघ आणि बाबांच्या कानात सांग. खरं सांगू, एका मनाला वाटतं, नसावाच तो. नसला तर घराला कुलूप घालून बाबांना घेऊन तुझ्याकडे येईन आणि दिवसचे दिवस झोपून काढीन. दुसऱ्या मनाला हे लिहितानाच रडू येतंय. तू सांगशील ते मी मानेन, पण माझ्यासाठी म्हणून ‘दिसला’ म्हणू नकोस. आणि येताना मळखाऊ कपडे घाल. पांढऱ्याला तो बुजतो.

वाट बघणारी,
तुझीच ताई